कॉलेजात नव्या विद्यार्थ्यांच्या इंडक्शनचं (ओळख कार्यक्रमाचं) मूल्यमापन पहिल्यांदाच करताय?

एआयसीटीईचा (तंत्रशिक्षण परिषदेचा) तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम किंवा यूजीसीचा 'दीक्षारंभ' कागदावर चांगलाच आहे. पण शेवटच्या दिवशी घाईत भरून घेतलेला फीडबॅक फॉर्म म्हणजे मूल्यमापन नव्हे. त्यात सगळेच 'उत्तम'वर टिक करतात.

त्यापेक्षा पहिल्याच दिवशी पाच प्रश्न विचारा: महाडीबीटीचा (शिष्यवृत्तीचा) अर्ज कुठे भरायचा, एटीकेटीचा (राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्षात जाण्याचा) नियम काय, हजेरी किती टक्के लागते, रॅगिंगची तक्रार कुणाकडे करायची, आपला मेंटॉर कोण? हेच प्रश्न शेवटच्या दिवशी आणि पुढे सहा आठवड्यांनी पुन्हा. शेवटच्या दिवशी बरोबर आणि सहा आठवड्यांनी चूक, असं जिथे दिसेल तो विषय गरजेच्या आधीच सांगून झालाय. तो पहिल्या चाचणीच्या आठवड्यात परत घ्या. नाव लिहून घेऊ नका, शाखा आणि कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची) फेरी पुरे.

फेरी मात्र हवीच. शेवटच्या फेरीतून आलेल्यांचा बराचसा कार्यक्रम हुकलेला असतो आणि सरासरीत ते दिसत नाही. त्यांच्यासाठी दोन तासांचं वेगळं सत्र ठेवा; नुसती रेकॉर्डिंगची लिंक पाठवून भागत नाही.

भाषणं वीस मिनिटांत आटपा (प्राचार्यांना हे सांगणं तुमच्याच नशिबी!). वाचलेल्या वेळात वीस-वीसच्या गटांना दुसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर ग्रंथालय आणि परीक्षा विभागात पाठवा.