उत्तर: एमए इंग्लिश बहिःस्थ, इंग्रजी साहित्याच्या इतिहासाच्या पेपरात कालखंडांची खिचडी होतेय

तुमची पोस्ट वाचून वाटलं मीच जुन्या आयडीने लिहिलीये की काय. नोकरी सांभाळून बहिःस्थ एमए, गाईडातले कालखंड तोंडपाठ, तरी कवी मिल्टन प्युरिटन (कडव्या, राजाविरोधी प्रोटेस्टंटांच्या काळातला) का रेस्टोरेशन (१६६० ला राजा परत आल्यानंतरचा), कवी हॉपकिन्स व्हिक्टोरियन (व्हिक्टोरिया राणीच्या काळातला) का मॉडर्न इथे गाडी अडते, आणि ऑफिसला सिलॅबस विचारला की "वेबसाईटवर बघा". सेम टू सेम.

चॉसर कोण, रोमँटिक म्हणजे काय हे तुम्हाला येत असणारच, ते सोडतो. माझं एकच सांगणं, वहीत दोन रकाने करा, लिहिलं कधी आणि छापलं कधी. गाईडवाले हे दोन्ही एकत्र कालवतात आणि निम्मा गोंधळ तिथूनच होतो. जॉन डनच बघा. त्याच्या बऱ्याच प्रेमकविता १५९० च्या दशकातल्या मानतात, म्हणजे एलिझाबेथ राणी हयात असतानाच्या, पण त्या हाताने उतरवलेल्या वह्यांमधून मित्रामित्रांत फिरायच्या, गडी १६३१ ला गेला आणि कवितांचं पुस्तक आलं १६३३ ला. मग तो कुठल्या कप्प्यात टाकायचा? हॉपकिन्स तर त्याहून वर, वारला १८८९ मध्ये, आणि त्याचा मित्र रॉबर्ट ब्रिजेसने कविता छापल्या १९१८ ला! म्हणजे लिहिणारा व्हिक्टोरियन आणि वाचणारे पहिल्या महायुद्धानंतरचे. उत्तरात हे दोन वाक्यांत लिहिलंत की तपासणाऱ्याला कळतं की पोराने (किंवा पोरीने) डोकं लावलंय.

मिल्टनचंही तेच. त्याचं महाकाव्य पॅराडाइज लॉस्ट छापलं १६६७ ला, दहा भागांत, १६७४ च्या आवृत्तीत त्याचेच बारा केले. तोवर राजा (दुसरा चार्ल्स) गादीवर परत येऊन काही वर्षं झाली होती, मिल्टन आंधळा झालेला, ज्या राजाविरोधी बाजूने आयुष्यभर लिहिलं ती बाजू हरलेली. म्हणून तारखेने रेस्टोरेशन आणि पिंडाने प्युरिटन, दोन्ही बरोबर, फक्त कारण द्या. आणि १६४२ ते १६६० इंग्लंडातली नाटकगृहं बंद होती हे नुसतं पाठ करू नका. बंदी संसदेची, राजा आल्यावर थिएटरं उघडली आणि नाटकातल्या बायकांच्या भूमिका बायका करायला लागल्या. त्यानंतरची कॉमेडी एवढी वेगळी का, याचं बरंचसं उत्तर यातच आहे.

आता ऑफिस. इथे माझं डोकं फिरतं त्यामुळे थोडं सहन करा. नाव घेत नाही, पण आमच्या बहिःस्थ विभागाने काउंटरवर सिलॅबस म्हणून जी झेरॉक्स हातात दिली ती जुनी होती. नेमलेली पुस्तकं बदलली होती आणि मला कळलं पेपर समोर आल्यावर. नंतर विचारायला गेलो तर "तुम्हाला कोणी दिली ही?" अरे तुम्हीच! ज्यांनी दिली त्यांची बदली झालेली, साहेब मीटिंगला, आणि लेखी काही नाही म्हणजे आम्ही काही दिलंच नाही. पूर्ण वर्ष गेलं, फी गेली ती वेगळीच. त्यामुळे तोंडी काही ऐकू नका, साधा अर्ज द्या, "चालू वर्षाचा सिलॅबस आणि नेमलेली पुस्तकं कळवावीत", आणि दुसऱ्या कॉपीवर इनवर्डचा शिक्का मारून पोच घ्या. शिक्का दिसला की हीच माणसं एकदम गोड बोलायला लागतात. (हा माझा अनुभव, सगळीकडे असंच असेल असं नाही, काही ऑफिसं चांगलीही असतात म्हणे.)

थोडं विषय सोडून, पण मजा वाटते म्हणून. इंग्लिश साहित्य हा विषय डिग्रीला शिकवणं विलायतेत फार जुनं नाही. ऑक्सफर्डला इंग्लिशची वेगळी ऑनर्स परीक्षा सुरू झाली १८९० च्या दशकात, केंब्रिजची ट्रायपॉस (तिथली डिग्रीची परीक्षा) १९१७ ला. आपल्याकडे इंग्रजी शिक्षणाची बाजू घेणारं मेकॉलेचं टिपण १८३५ चं, मुंबई विद्यापीठ १८५७ चं, आणि तिथे पोरं इंग्लिश कविता घोकत होती तेव्हा ऑक्सफर्डात लॅटिन-ग्रीकचाच थाट होता. गौरी विश्वनाथन यांचं मास्क्स ऑफ काँक्वेस्ट हे पुस्तक यावरच आहे, जमलं तर वाचा. प्रश्न येईलच अशी गॅरंटी नाही, मी काही पेपरसेटर नाही.

गाईड फेकून द्या असं म्हणणार नाही, नोकरीवाल्याला ते लागतंच, पण सनावळीसाठी एकाच गाईडवर विसंबू नका, माझ्या गाईडात फर्स्ट फोलिओचं (शेक्सपियरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित पुस्तकाचं) सालच चुकीचं होतं. १६२३ आहे ते, शेक्सपियर जाऊन सात वर्षं झाल्यावर, ३६ नाटकं, त्यातली निम्मी आधी कधी छापलीच नव्हती, मॅकबेथ आणि टेम्पेस्ट धरून. जुनी पुस्तकं पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात बघा, मूळ टेक्स्ट प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाईटवर फुकट आहेत, पण टिपा नसतात बऱ्याचदा.

तुमचा ऑप्शनल पेपर कुठला ते लिहिलं नाहीयेत, नाटकाचा असेल तर माझ्या नोट्स पडून आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.