सैन्याचा रसदीचा ताफा निघण्याआधी नेमकी काय तयारी करतात?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "गाड्या, ड्रायव्हर आणि नकाशा असला की निघता येत असेल ना? ट्रान्सपोर्टवाले रोज तेच करतात." मी एएससीत, म्हणजे सैन्याची रसद आणि वाहतूक बघणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, 24 वर्षं काढली. त्यातली बरीच वर्षं स्टिअरिंगवर गेली आणि शेवटची काही दुसऱ्यांच्या गाड्या निघण्याआधी तपासण्यात. आता औसा तालुक्यात सोयाबीन पेरतो. कुठली पोस्ट (सैन्याची चौकी), किती माल, हे लिहिणार नाही. पद्धत मात्र सांगतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आम्ही ताफा म्हणत नव्हतो. इंग्रजीतला कॉन्व्हॉय जवानांच्या तोंडी 'कानवाय' झालाय, मीही तेच लिहितो.

नव्या माणसाला वाटतं की कानवायचा विचार जिथून निघायचं तिथून सुरू होतो. तो जिथे उतरवायचा तिथून सुरू होतो, आणि मग उलटं मागे यायचं. हे मला सैन्यात जायच्या आधीच दिसलं होतं, फक्त तेव्हा कळलं नव्हतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला धाब्याची घरं अंगावर आली. आमचं गाव वाचलं. दोन दिवसांनी आम्ही पोरं भाकरी घेऊन तिकडे निघालो, तर रस्त्यावर गाड्याच गाड्या. मदतीचे ट्रक, पुढाऱ्यांच्या गाड्या, नुसते बघायला आलेले लोक, वरून पाऊस. माल भरपूर होता, पण तो कुणाच्या ताब्यात द्यायचा, कुठे टाकायचा, रिकामी गाडी कुठून परत न्यायची, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडले. त्या गर्दीत सैन्याच्या गाड्या मात्र अंतर ठेवून, एकामागं एक येत होत्या आणि रिकाम्या होऊन जात होत्या. त्या बघूनच मी भरतीला गेलो असं म्हणलं तर थोडं नाटकी होईल. घरी जमीन कमी होती हेही कारण होतंच.

आता हिशेब बघा. समजा 60 गाड्या आहेत. दहा-दहाचे सहा गट करतात, त्याला पॅकेट म्हणतात. पॅकेटमधल्या दोन गाड्यांत साधारण 50 मीटर अंतर ठेवलं तर गाडीच्या लांबीसकट एका पॅकेटला 600 मीटर रस्ता लागतो. दोन पॅकेटांमध्ये पाच मिनिटांचं अंतर ठेवायचं. डोंगरात ताशी 20 किलोमीटरचा वेग धरला तर पाच मिनिटं म्हणजे पावणेदोन किलोमीटरच्या आत-बाहेर. सगळं मिळून पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत जवळजवळ 12 किलोमीटर होतात. म्हणजे पहिली गाडी पुलावर आल्यापासून शेवटची पार होईपर्यंत 36 मिनिटं जातात, तीही कुणी बिघडलं नाही तर.

इथपर्यंत ट्रान्सपोर्टवालाही हिशेब करेल. पुढचं ऐका. पोचल्यावर डेपोत एका वेळी चार गाड्या लागतात आणि एक गाडी रिकामी व्हायला पाऊण तास लागतो असं धरा. साठ गाड्यांचे पंधरा फेरे झाले, म्हणजे सव्वाअकरा तास. सगळे दुपारी बाराला पोचले तर शेवटचा ड्रायव्हर रात्री अकरा वाजून गेल्यावर मोकळा होणार, उणे तापमानात, दिवसभर गाडी चालवून. आणि त्यालाच सकाळी परत निघायचंय. रस्ता कितीही चांगला करा, अडतं ते इथेच. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या बैलगाड्या रात्रभर नंबर लावून उभ्या असतात ते आपण लहानपणापासून बघतो. तोडणीचा प्रोग्राम शेताकडे बघून लावला आणि काट्याकडे बघितलंच नाही की बैलं उपाशी उभी राहतात. सोयाबीनच्या सीझनला मोंढ्यातही तेच.

म्हणून पहिला निरोप जातो तो पोचायच्या जागेला. तुमच्याकडे हमाल किती, म्हणजे कामाला माणसं किती मिळतील? शेड किती रिकामी आहे? गाड्या वळवायला जागा आहे का? त्या उत्तरावरून ठरतं की साठ गाड्या एकदम न्यायच्या की तीस-तीस करून दोन दिवसांत. मग मुक्कामाचे ट्रान्झिट कॅम्प, मग निघायची वेळ आणि सगळ्यात शेवटी कुठल्या गाडीत काय भरायचं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली ते आठवत असेल. बातम्यांत सगळ्यांनी इंजिन आणि वाघिणी दाखवल्या. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, साधारण पाच लाख लिटर, पुढे 50 वाघिणींची गाडी यायला लागली. माझी नजर मात्र लातूरच्या बाजूला होती. आलेलं पाणी ओतायला स्टेशनजवळची विहीर आधी ताब्यात घेतली होती आणि तिथून पुढे शुद्धीकरणाला न्यायची सोय केली होती. ती नसती तर 25 लाख लिटर पाणी रुळावर उभं राहिलं असतं आणि शहर तहानलेलंच.

माल भरण्याबद्दल दोन गोष्टी पक्क्या. जे आधी उतरवायचं ते शेवटी भरायचं, हे कुणीही सांगेल. दुसरी लोकांना सुचत नाही: एक जिन्नस एकाच गाडीत भरायचा नाही. भरणाऱ्याला तेच सोपं पडतं, या गाडीत सगळं मीठ, त्या गाडीत सगळी डाळ, कागदही सोपा होतो. माझ्या सुरुवातीच्या काळात एकदा असंच झालं होतं. काडेपेट्यांची सगळी खोकी एकाच गाडीत होती आणि नेमका तिचाच गिअरबॉक्स गेला. बाकीच्या गाड्या तांदूळ, डाळ, केरोसीन घेऊन पोचल्या. एका पोस्टवर तीन दिवस एक स्टोव्ह विझू न देता लोकांनी काढले, पाळीपाळीने त्याच्याजवळ बसून. हसू येतं आता. तेव्हा भरणाऱ्या हवालदाराला हसू आलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक जिन्नस तीन-चार गाड्यांत वाटलेला आहे का हे आधी बघायचो. दारूगोळा आणि इंधन मात्र कधीच एका गाडीत नाही, आणि एकमेकांच्या शेजारीही नाही.

इंधनाचा हिशेब वेगळा लावावा लागतो, कारण कानवाय स्वतःच डिझेल खातो. श्रीनगर ते लेह सुमारे 430 किलोमीटर, जाऊन-येऊन 860. चढावर लिटरला साडेतीन किलोमीटर धरले तर एका गाडीला जवळजवळ 245 लिटर लागतं, साठ गाड्यांना पावणेपंधरा हजार लिटरच्या घरात. दोनशे लिटरची बॅरल धरली तर चौऱ्याहत्तर बॅरल. हे डिझेल वाटेत कुठे मिळणार ते आधी ठरलेलं पाहिजे, नाहीतर निम्मा माल पोस्टचा आणि निम्मा गाड्यांचाच अशी गत. आपल्याकडच्या लमाणांचे तांडे आठवतात मला यावर. मुघल फौजा दख्खनेत यायच्या तेव्हा धान्य, मीठ त्यांच्याच बैलांच्या पाठीवर असायचं. लमाण हा शब्दच मिठावरून, लवणावरून आला असं म्हणतात. हजारो बैल, पण चाऱ्याचं ओझं नाही, वाटेत चरत जायचे. वेग कमी, पण स्वतःचं इंधन वाहायची भानगड नाही. आमच्या गाडीला चरता येत नाही! त्यात थंडीत साधं डिझेल घट्ट होतं. पूर्वी सकाळी टाकीखाली स्टोव्ह लावून गाड्या चालू केल्याचं ऐकून तुम्हाला भीती वाटेल. लडाखसाठी उणे 33 अंशापर्यंत न गोठणारं डिझेल 2019 साली आलं, ते आमच्या वेळेला असतं तर कितीतरी पहाटा सुखाच्या गेल्या असत्या.

गाड्यांच्या तपासणीला आम्ही परेडच म्हणतो. निघण्याआधी फर्स्ट परेड, थांब्यावर हॉल्ट परेड, पोचल्यावर लास्ट परेड. टायरची हवा, नटबोल्ट, ब्रेक, तेल, पाणी, बॅटरी, दिवे, चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा, बर्फाच्या साखळ्या. हे सगळं कागदावर असतंच, त्यात मी वेळ घालवत नाही. एवढंच सांगतो की साखळी गाडीत आहे का एवढं विचारून भागत नाही, ड्रायव्हरकडून ती एकदा चाकावर चढवून घ्यायची. मैदानात उन्हात वीस मिनिटं लागली तर श्रीनगर-लेह रस्त्यावरच्या झोजिला घाटात बोटं बधिर झाल्यावर तास लागणार. आणि गंमत बघा, त्याच रस्त्यावरचा फोटूला हा घाट झोजिलापेक्षा जवळजवळ दोन हजार फुटांनी उंच आहे, पण ड्रायव्हर धसका घेतात तो झोजिलाचा. बर्फ आणि दरड तिथे. उंचीचा आकडा बघून रस्ता ठरवणारा माणूस तिथे फसतो.

क्रम लावताना जड आणि हळू चालणारी गाडी पॅकेटच्या पुढे ठेवतात. नव्या पोरांना हे उलटं वाटतं. वारीत चाललेला असाल तर लगेच समजेल: दिंडीचे पुढचे टाळकरी सावकाश चालतात, आणि शेपटाकडचे मात्र सारखे कधी थांबतात, कधी पळतात. गाड्यांचंही तसंच होतं. पुढचा 25 ने गेला की मागच्याला अंतर भरायला 40 ने हाणावं लागतं, वळणावरसुद्धा. अपघात बहुतेक शेपटाकडे होतात ते म्हणून. सगळ्यात मागे फिटर आणि रिकव्हरीची गाडी, कारण बिघडलेल्याला उचलणारा पुढे निघून गेला तर काय उपयोग?

आता माणूस. मैदानातून आलेल्या ड्रायव्हरला थेट वर पाठवत नाहीत. 9 ते 12 हजार फुटांसाठी 6 दिवस, 15 हजारांपर्यंत आणखी 4, त्याच्या वर आणखी 4 असं शरीर तयार करावं लागतं. म्हणजे उद्याच्या कानवायचा ड्रायव्हर दोन आठवड्यांपूर्वीच ठरलेला असतो. पण माझ्या मते खरी तपासणी आदल्या संध्याकाळी होते, ब्रीफिंगला. साहेब रस्ता, थांबे, वेग, हवामान, कुठल्या टीसीपीवर, म्हणजे वाटेतल्या वाहतूक नियंत्रण चौकीवर, नोंद करायची ते सांगत असतात, तेव्हा मी चेहरे बघायचो. कालच सुट्टीवरून आलेला, घरून फोन आल्यापासून गप्प झालेला, डोळे लाल. एकदा आमच्या बीडकडचा एक पोरगा असाच बसला होता. बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाला, "काही नाही साहेब, पाऊस नाही म्हणतेत घरचे." दुबार पेरणीही गेली होती. त्याला त्या दिवशी गाडी दिली नाही, शेजारी को-ड्रायव्हर म्हणून बसवलं. त्याला राग आला होता, आठवडाभर बोलला नाही माझ्याशी.

संरक्षणाचं तुम्ही विचारलं नाही, पण एक सांगावंसं वाटतं. सकाळी रस्ता तपासून मोकळा करणारी पार्टी आधी जाते, ती 'ओके' म्हणाल्याशिवाय चाक हलत नाही. तरीही आकारमानाचा धोका उरतोच. 14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामात सीआरपीएफच्या ज्या ताफ्यावर हल्ला झाला त्यात 78 गाड्या आणि अडीच हजारांहून जास्त जवान होते. आधी बर्फामुळे हमरस्ता कित्येक दिवस बंद होता, माणसं जम्मूत साठत गेली आणि रस्ता उघडल्यावर एवढा मोठा ताफा निघाला. 40 जवान गेले. रस्ता तुंबल्यावर "आता एकदाच सगळं काढून टाकू" असं प्रत्येकाला वाटतं, आणि नेमकं तेव्हाच लहान तुकडे करायला लावणारा माणूस लागतो.

तर ट्रान्सपोर्टवाल्यात आणि आमच्यात फरक काय? चांगला ट्रान्सपोर्टवालाही यातलं पुष्कळ करतो, त्याला कमी लेखू नका. पण त्याची गाडी उद्या पोचली तर भाडं कापलं जातं. आमच्याकडे घाट नोव्हेंबरच्या आसपास बंद झाला की वर जे पोचलं तेवढ्यावरच सहा महिने काढायचे असायचे. उन्हाळाभर जो साठा वर चढवतात तो त्यासाठीच.

परतीचंही नियोजन असतं, त्याचं कुणी विचारत नाही. रिकामी बॅरल आणि जेरीकॅन मोजून परत आणायचे, कारण पुढच्या खेपेला इंधन त्यातच जाणार. वरच्या लोकांना ते सोडवत नाहीत. बॅरलचा पत्रा बंकरवर टाकायला लागतो, कापून बुखारी, म्हणजे खोली गरम ठेवायची शेगडी, करायला लागतो. मी साठ नेले आणि साठ आणले असं एकदाही झालं नाही. सही मात्र प्रत्येक वेळी साठचीच मागायचे.