गाडी परदेशात ठेवून घरी येताना

दुसऱ्या देशात तात्पुरत्या आयातीवर गेलेली गाडी तिथल्या कस्टम्सच्या दृष्टीने शुल्क न भरलेला माल असते. ती मुदतीत बाहेर गेली नाही, तर शुल्क आणि दंड मालकाकडूनच वसूल होतो. या वेळचे सगळे प्रश्न मालक विमानाने परततो आणि गाडी मागे राहते, त्या मधल्या काळाबद्दल आहेत.

नाशिकहून प्रश्न: मोटरसायकलवर नैरोबीला पोहोचलोय. आईचं ऑपरेशन असल्याने दोन महिने घरी यायचं आहे. कार्नेट (शुल्क न भरता गाडी तात्पुरती परदेशात नेण्यासाठीची कस्टम्सची पुस्तिका) मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनचं आहे, त्याची मुदत पाच महिने बाकी आहे. गाडी गॅरेजमध्ये ठेवली तर चालेल ना?

आधी एक तारीख तपासा. कार्नेट वर्षभराचं असलं, तरी गाडी किती दिवस ठेवायची हे तो देश स्वतः ठरवतो. आपल्याकडेच परदेशी गाडीला वर्षाच्या कार्नेटवर सहा महिनेच मिळतात. शिक्का मारताना अधिकाऱ्याने काही मुदत लिहिली असेल तर तीच पाळायची. लिहिलेली नसेल, तर निघण्यापूर्वी केनियाच्या महसूल प्राधिकरणाच्या कस्टम्स कार्यालयात जाऊन ती लेखी घ्या. ‘चालतंय हो’ हे गॅरेजवाल्याचं तोंडी आश्वासन तिथे कामाचं नाही.

कार्नेटच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. खालचा भाग प्रवेशाच्या वेळी कस्टम्स फाडून घेतं, मधला गाडी बाहेर पडताना, आणि वरचा दोन्ही शिक्क्यांसह तुमच्याकडे राहतो. तुम्ही विमानाने निघालात म्हणून मधल्या भागावर शिक्का मारून घेऊ नका. गाडी देशातच असताना ती बाहेर गेल्याची नोंद झाली, तर ती बेकायदा ठरते. मूळ कार्नेट सोबत घरी आणा आणि गाडीत फक्त प्रत ठेवा. ऑपरेशन लांबलं आणि मुदतवाढ लागली, तर असोसिएशनला मूळ पुस्तिका दाखवावी लागेल. अर्ज मुदत संपण्याआधीच करा, कारण मुदतवाढ त्या देशाच्या कस्टम्सनेही मान्य करावी लागते. संपलेल्या कार्नेटवर उभी असलेली गाडी सोडवताना कार्नेटसाठी दिलेली तुमची बँक गॅरंटी अडकते.

काही देशांत गाडीची नोंद चालकाच्या पासपोर्टशी जोडलेली असते. तुर्कस्तान हे त्याचं ठळक उदाहरण. तिथे विमानतळावर ‘गाडी कुठे आहे?’ असा प्रश्न येतो, म्हणून आधी कस्टम्सकडे गाडीची व्यवस्था करून कागद घ्यावाच लागतो.

पुण्याहून प्रश्न: रस्त्याने जर्मनीला पोहोचलो. चार महिने परत येतोय. म्युनिकला मावसभाऊ राहतो, गाडी त्याच्याकडे ठेवणार आहे. अधूनमधून तो चालवेल, म्हणजे बॅटरीही उतरणार नाही.

भावाला चालवू देऊ नका. युरोपीय संघाची शुल्कमाफी संघाबाहेर राहणाऱ्या माणसाच्या गाडीला आहे. संघात राहणाऱ्या व्यक्तीने ती चालवली की काही मोजके अपवाद सोडता सवलत मोडते आणि कर लागू होतो. गाडीची किंमत 20,000 युरो धरली, तर 10 टक्के आयात शुल्क 2,000, आणि 22,000 वर जर्मनीचा 19 टक्के व्हॅट 4,180. एका फेरफटक्यासाठी 6,180 युरो! बॅटरीची तार काढून ठेवणं कितीतरी स्वस्त.

मुदत सहा महिन्यांची असते. प्रवेशाच्या वेळी बहुधा कोणताही कागद मिळत नाही, त्यामुळे सीमेवरची पावती, फेरीचं तिकीट, सीमेवर घेतलेला विमा असा तारीख दाखवणारा पुरावा सांभाळा. हा विमा संपल्यावर गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही. भावाच्या खासगी आवारात किंवा भाड्याच्या गॅरेजमध्ये ठेवा. तुमचे चार महिने आणि प्रवासात गेलेले दिवस मिळून सहा महिन्यांच्या आत बसतात का, ते तिकीट काढण्याआधी मोजा.

कोल्हापूरहून प्रश्न: पोखऱ्यात बुलेटचं इंजिन बसलंय. पार्ट यायला दोन महिने लागतील. तिथेच ठेवून येऊ का?

नको. नेपाळला कार्नेट लागत नाही, तिथे भन्सार, म्हणजे गाडी तात्पुरती आत नेण्याचा कस्टम्स परवाना, लागतो. तो दिवसाच्या दराने आकारला जातो आणि भारतीय गाडीला एका आर्थिक वर्षात 30 दिवसच मिळतात. त्यात दोन महिने बसणं शक्य नाही. भन्साराची मुदत संपण्याआधी बुलेट ट्रकवर चढवून भैरहवा-सुनौलीमार्गे भारतात आणा आणि गोरखपूरहून रेल्वे पार्सलने घरी पाठवा. पुढच्या वेळी विमा कंपनीकडे नेपाळसाठी भौगोलिक विस्ताराचं कलम आधीच जोडून घ्या. ते नसेल तर सीमेपलीकडे तुमचा विमा लागू होत नाही.

ठाण्याहून प्रश्न: गाडी दोन-तीन महिने उभी राहणार. तयारी काय करायची?

घड्याळ आणि अलार्म बंद गाडीतही थोडा करंट ओढत राहतात. तो 50 मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास जातात. म्हणजे 60 अँपिअर-तासांची बॅटरी पन्नास दिवसांत रिकामी. म्हणून ऋण टर्मिनल काढा. पेट्रोल टाकी जवळपास भरून ठेवा, म्हणजे आत हवा कमी राहते आणि पाणी साचत नाही. कार्बोरेटरच्या बाइकचा फ्लोट बाउल, म्हणजे पेट्रोल साठणारी वाटी, रिकामा करा, नाहीतर सुकलेलं पेट्रोल जेटची बारीक छिद्रं बुजवतं. टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त हवा भरा. हँडब्रेक सोडून चाकांना ठोकळे लावा, कारण ओढून ठेवलेला ब्रेक ओलसर हवेत चिकटतो. एअर फिल्टर आणि एक्झॉस्टची तोंडं झाका आणि झाकल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा. उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा खाण्याचा कणही गाडीत ठेवू नका.

निघताना चासी नंबर आणि ओडोमीटर एकाच फोटोत येतील असं नाही, दोन्हींचे वेगळे फोटो त्या दिवशीच काढा. गॅरेजच्या पावतीवरही तेच आकडे, ठेवल्याची तारीख आणि जागेचा पत्ता लिहून घ्या. कस्टम्सने गाडी कुठे आहे असं विचारलं, तर ही पावती दाखवता येते.