केसपेपरसाठी कोणतं सॉफ्टवेअर?

प्रश्न : आम्ही तिघी डॉक्टर मिळून एक लहान रुग्णालय चालवतो. लॅब आणि औषधांचं दुकान आवारातच आहे. केसपेपर संगणकावर घ्यायचे आहेत. ओपनईएमआर, ओपनएमआरएस, बहमनी, जीएनयू हेल्थ ही नावं कळली; सगळी मुक्तस्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेली. निवडायचं कसं?

उत्तर : डॉक्टर, तुमचा कौल लॅब आवारात आहे या एका गोष्टीवर ठरतो. मी एका रुग्णालयाचा नोंद विभाग सांभाळते. ओपीडीत लिहिलेली तपासणी लॅबमध्ये पुन्हा टाइप करावी लागली, की एकाच आडनावाच्या दोन रुग्णांचे रिपोर्ट अदलाबदल होतात. त्यामुळे माझा कल बहमनीकडे आहे. त्यात केसपेपरला ओपनएमआरएस, लॅबला ओपनएलिस आणि बिलं व औषधसाठ्याला ओडू अशी सांगड आहे. डॉक्टरांनी लिहिलेली तपासणी आपोआप लॅबच्या यादीत येते. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या रुग्णालयात काम करता करता ते घडलं, म्हणून गर्दीच्या ओपीडीला ते मानवतं.

पण तीन सॉफ्टवेअर म्हणजे तीन डेटाबेस. त्यांच्यातली देवाणघेवाण अडकली तर ती सोडवणारा माणूस हाताशी हवा. परवाना फुकट असला तरी या माणसाचा पगार आधी धरा.

असा माणूस मिळणार नसेल तर ओपनईएमआर घ्या. ते पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर चालतं. ते जाणणारे सहज भेटतात. अपॉइंटमेंट आणि प्रिस्क्रिप्शन त्यात चांगलं आहे. बिलिंग मात्र अमेरिकी विमा पद्धतीवर बेतलेलं असल्याने तुम्हाला ते बरंचसं बाजूला ठेवावं लागेल. जीएनयू हेल्थमध्ये कुटुंब, घर, राहणीमान यांच्याही नोंदी होतात. वस्तीत जाऊन काम करणाऱ्यांना ते अधिक उपयोगी.

ओपनएमआरएस २००४ पासून वाढत आलं. त्याची खरी ताकद संकल्पनांच्या कोशात आहे, आणि बहमनीलाही ती आपसूक मिळते. प्रत्येक प्रश्न आणि उत्तर तिथे ठरलेल्या संकल्पनेशी बांधलेलं असतं. त्यामुळे हिमोग्लोबिन आठच्या खाली गेलेल्या सगळ्या गरोदर बायका एका यादीत काढता येतात. मोकळ्या मजकुरात लिहिलेल्या नोंदींतून त्या हुडकणं फार कठीण. हा कोश भरायला तुम्ही तिघींनीच बसा. ते काम संगणकवाल्यावर सोपवू नका.

निर्णयाआधी काही जुने, गुंतागुंतीचे केसपेपर बहमनी आणि ओपनईएमआर या दोन्हींत भरून पाहा. नंतर बॅकअप दुसऱ्या संगणकावर चढवा आणि तेच केसपेपर तिथे पूर्ण उघडतात का, ते स्वतः तपासा.