शेजारच्या मोकळ्या जमिनीवर ६० घरं येतायत, हरकत कशी घ्यायची?

प्रश्न : आमच्या कॉलनीला लागून ३ हेक्टर मोकळी जमीन आहे, तिथे प्लॉट पाडून ६० घरांचा लेआउट मंजुरीला गेलाय. जमिनीचा उतार आमच्याकडे आहे आणि आत जायला रस्ताही आमचाच दाखवलाय, दुसरा नाहीच. शेवटच्या गल्लीत आत्ताच पावसाळ्यात घोटाभर पाणी साचतं. प्रकल्प रद्द करा असं निवेदन सगळ्यांच्या सह्यांनी तयार केलंय, पण लोक म्हणतात सह्यांनी काही होत नाही. सुनावणीला काय बोलायचं?

उत्तर : निवेदन द्याच, पण नुसतं 'रद्द करा' म्हटलं की समोरचा अधिकारी ते फाइलला लावतो आणि पुढच्या विषयाकडे जातो, कारण त्याला त्यावर लेखी उत्तर द्यावं लागेल असं त्यात काहीच नसतं. उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न विचारा. तुमच्याकडे तो आहे, तुमच्या शेवटच्या गल्लीतलं पाणी!

हिशोब घरीच करता येतो. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. ३ हेक्टर म्हणजे ३०,००० चौरस मीटर, त्यावर एका जोरदार सरीत ५० मिलिमीटर पडला तर १५ लाख लिटर. आज तिथे गवत-माती आहे म्हणून समजा त्यातलं २० टक्के वाहून येतं, म्हणजे ३ लाख. उद्या छपरं, रस्ते, फरशा झाल्या आणि उरलेली मातीसुद्धा रोलर-गाड्यांनी दाबून घट्ट झाली की ६० टक्के वाहणार, म्हणजे ९ लाख, आणि ते येणारही आधीपेक्षा पटकन, कारण काँक्रीटवर पाणी थांबत नाही. हे टक्के अंदाजाचे आहेत, माती आणि उतारावर बदलतात, पण वरचे ६ लाख लिटर कुठे थांबवणार हे विचारायला एवढं पुरतं. ६ लाख लिटर म्हणजे ६०० घनमीटर, म्हणजे २० बाय ३० मीटरचं, मीटरभर खोल तळं. ते नकाशात आहे का बघा. नसेल तर डेव्हलपरला सुनावणीत विचारा की पाणी कुठे जाणार आणि आत्ता जेवढ्या वेगाने बाहेर पडतं त्यापेक्षा जास्त वेगाने पडणार नाही हे कोण लिहून देणार. तळं असेल तर पुढचा प्रश्न, दरवर्षी त्यातला गाळ कोण काढणार? बिल्डर निघून जातो, तळं तिथेच राहतं, म्हणून गाळ काढणाऱ्याचं नाव मंजुरीच्या अटीत यायलाच हवं. गल्लीतल्या पाण्याचे जुने फोटो तारखेसकट जोडा, मला यापेक्षा भक्कम पुरावा सुचत नाही.

रस्त्याचं तसंच. अमेरिकेतले ट्रॅफिक इंजिनिअर एका स्वतंत्र घरामागे दिवसाला साधारण ९-१० गाड्यांच्या फेऱ्या धरतात, गर्दीच्या तासात साधारण एक. लोक चालत किंवा बसने जातात तिथे आकडा बराच कमी येतो, पण गाडीशिवाय चालत नाही अशी जागा असेल तर ६० घरांच्या गर्दीच्या वेळी मिनिटाला एक गाडी वाढली. डेव्हलपरचा ट्रॅफिक सर्व्हे कुठल्या दिवशी झाला ते आवर्जून तपासा, शाळेच्या सुट्टीतली मोजणी असेल तर ती परत करायला लावा. आणि एकच रस्ता असेल तर तो अडल्यावर फायर ब्रिगेडची गाडी कुठून येणार हे मला सगळ्यात गंभीर वाटतं, त्यावर तडजोड करू नका.

पाण्याचं प्रेशर, ड्रेनेज लाइनची क्षमता हेही लेखी मागा. घराची किंमत पडेल, खिडकीतला देखावा जाईल हे मुद्दे मात्र पुढे करू नका, बऱ्याच ठिकाणी ते धरलेच जात नाहीत आणि खऱ्या मुद्द्याचा वेळ खातात.

प्रश्न : माझ्या मुलीला घर मिळत नाहीये म्हणून मला नवीन घरं हवीयत, पण कॉलनीच्या मीटिंगमध्ये तसं बोललं की सगळे तुटून पडतात. गप्प बसू का?

उत्तर : अजिबात नाही. जागा मिळणं ही पण गरजच आहे आणि तिथे राहायला येणारी माणसं उद्या तुमचे शेजारी होणार आहेत, सुनावणीत त्यांच्याबद्दल वाईट बोललं गेलं तर ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं. तुम्ही 'अटींसह मंजुरी' असं मांडा, तळं, दुसरा रस्ता, कामाच्या वेळा, आणि ६० ऐवजी कमी घरं बसत असतील तर तसं. विरोध करणाऱ्यांनाही मनातून बहुतेक हेच हवं असतं, कुणीतरी पहिल्यांदा बोलायला लागतं.

प्रश्न : हद्दीवर जुनी मोठी झाडं आहेत, 'झाडं राखणार' असं नकाशात लिहिलंय. पुरेसं आहे का?

उत्तर : नाही. झाड उभं ठेवून मुळं तोडली की ते काही वर्षांत वाळतं आणि तोवर कुणाला जाब विचारता येत नाही. बरीचशी मुळं वरच्या अर्धा-पाऊण मीटर मातीतच पसरलेली असतात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर. ब्रिटनमध्ये खोडाच्या व्यासाच्या १२ पट अंतर राखायची पद्धत आहे, म्हणजे ५० सेंटिमीटर खोडाला चारी बाजूंनी ६ मीटर. तेवढ्या जागेला काम सुरू व्हायच्या आधी कुंपण घाला, आत खोदाई नको, विटा-वाळूचे ढीग नको, गाड्या नको, असं अटीत मागा आणि आजच प्रत्येक झाडाचा फोटो काढून ठेवा.