केस पेपर तपासणाऱ्या सिस्टरसाठी : वाचकांचे प्रश्न

रुग्णालयांच्या क्वालिटी विभागात परिचारिकांचे काम नेमके काय असते, अशी विचारणा करणारी पत्रे गेल्या दोन महिन्यांत बरीच आली. त्यांतली काही निवडून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मेडिकल वॉर्डातून माझी क्वालिटीला बदली झाली आहे. रुग्णालय १२० खाटांचे, महिन्याला सुमारे ५०० डिस्चार्ज. हातात ६० मुद्द्यांची चेकलिस्ट दिली आणि 'ऑडिट करा' म्हणाले. किती फाइली पाहायच्या आणि सुरुवात कुठून करायची? – एक परिचारिका, कोल्हापूर

उत्तर : इथे दोन वेगळी कामे एका नावाखाली आली आहेत. पहिले टक्केवारीचे : किती फाइलींत संमतिपत्र अपुरे, किती फाइलींत डिस्चार्ज समरी नाही. त्यासाठी नमुना मोठा लागतो. नमुना ठरवण्याच्या प्रचलित तक्त्याप्रमाणे २०० फाइलींमागे १३२ आणि ५०० मागे २१७ घ्याव्या लागतात. या कामात एका फाइलीला पाच-सात मिनिटे पुरतात. फाइली डिस्चार्ज रजिस्टरवरून तुम्ही स्वतः निवडा. 'वॉर्डातून दहा फाइली पाठवा' असा निरोप दिलात तर दहाही चकाचक येतील.

दुसरे काम रुग्णाची काळजी नीट घेतली गेली का हे पाहण्याचे, आणि त्याला १५-२० फाइली पुष्कळ झाल्या. त्या मात्र हेरून घ्यायच्या : महिन्यातले सगळे मृत्यू, ४८ तासांत पुन्हा आयसीयूत गेलेले, ७२ तासांत त्याच तक्रारीने कॅज्युअल्टीत परत आलेले, पुन्हा ओटीत न्यावे लागलेले, डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेऊन गेलेले. यातली प्रत्येक फाइल निवांत अर्धा-पाऊण तास मागते. आयसीयूची असेल तर जास्तच.

फाइल पहिल्या पानापासून वाचू नका. टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वसनाचा तक्ता), ड्रग चार्ट, नर्सिंग नोट्स आणि डॉक्टरांच्या नोट्स शेजारी ठेवा आणि कोऱ्या कागदावर वेळेप्रमाणे एकच रेघ लावा. उदाहरणार्थ : रात्री २ वाजता बीपी ८४/५०, पल्स १२४. नर्सिंग नोटमध्ये २ वाजताच 'रुग्ण स्थिर, झोप चांगली'. डॉक्टरांना कळवल्याची नोंद नाही. पुढची बीपी सकाळी ६ ला. चेकलिस्टवर ही फाइल पूर्ण गुण घेऊन जाते, कारण प्रत्येक रकाना भरलेला आहे, सहीही आहे. चार तासांची पोकळी दिसते ती फक्त वेळेची रेघ लावल्यावर.

नोंद डोळ्यांनी पाहून केली की मागच्या पानावरून उतरवली, हे ओळखायच्या दोन-तीन जागा आहेत. श्वसनाचा दर हा सगळ्यांत आधी पाहा. पूर्ण मिनिट मोजायचा कंटाळा येतो, म्हणून अख्ख्या वॉर्डात दमेकऱ्यापासून हर्नियापर्यंत सगळ्यांचा दर १८ किंवा २० असतो. दुसरी जागा मॉर्स फॉल स्केल, म्हणजे रुग्ण पडण्याचा धोका गुणांत मोजणारा तक्ता. त्यात आयव्ही लाइन किंवा हेपलॉक (शिरेत ठेवलेली बंद कॅन्युला) असेल तर एकट्या त्याचेच २० गुण. त्याच पाळीत 'आयव्ही कॅन्युला पेटंट' (म्हणजे मोकळी, चालू) लिहिले आहे आणि मॉर्स स्कोअर १५, तर तो स्कोअर कुणी काढलेलाच नाही. कारण कॅन्युला असताना २० च्या खाली उतरताच येत नाही. तिसरी, रक्त चढवल्याची नोंद : रक्तपेढीतून पिशवी निघाल्याची वेळ आणि चढवायला सुरुवात केल्याची वेळ यांत ३० मिनिटांपेक्षा जास्त अंतर नसावे, सुरुवातीनंतर १५ मिनिटांनी व्हायटल्स असावेत आणि पिशवी ४ तासांत संपावी. या वेळा तीन वेगवेगळ्या कागदांवर असतात, म्हणून क्वचितच कुणी जुळवून पाहते.

ड्रग चार्टवर इन्सुलिनपुढे '10U' असेल तर लगेच वॉर्डात फोन करा, महिनाअखेरच्या अहवालाची वाट पाहू नका. घाईत काढलेला यू शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात. '1.0' आणि '.5' यांचेही तेच. पहिल्यात टिंब दिसले नाही तर दहापट, दुसऱ्यातही दहापट.

प्रश्न : एनएबीएचची (रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळाची) टीम पुढच्या महिन्यात येते आहे. डिस्चार्ज झालेल्या फाइलींतले रिकामे रकाने आणि सह्या आम्ही वॉर्डच्या सिस्टरकडून भरून घ्याव्यात, असे वरून सांगितले आहे. ते ऑडिटचेच काम आहे का? – इन्चार्ज सिस्टर, नाशिक

उत्तर : नाही. रुग्ण घरी गेल्यावर लिहिलेली बीपी ही खोटी नोंद आहे, आणि न्यायालयात रिकाम्या रकान्यापेक्षा तीच जास्त महागात पडते. तपासायला येणारी मंडळीही वर्षानुवर्षे वॉर्डात घालवलेली असतात. आठ दिवसांच्या आठ पाळ्या एकाच शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात दिसल्या की त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

चालते ते एवढेच. राहून गेलेली गोष्ट ज्या सिस्टरने प्रत्यक्ष केली तिनेच, 'लेट एन्ट्री' असे लिहून, लिहिण्याची आजची तारीख-वेळ आणि घटनेची वेळ दोन्ही टाकून नोंदवावी. तीही आठवणीची खात्री असेल तरच. चुकलेल्या ओळीवर एकच रेघ, मूळ अक्षर वाचता यायला हवे, शेजारी सही, तारीख, वेळ. व्हाइटनर ट्रेमधून कायमचा हद्दपार करा. तोंडी ऑर्डरवरची डॉक्टरांची सही राहिली असेल, तर ती ज्या दिवशी केली त्याच दिवसाच्या तारखेची हवी. बहुतेक रुग्णालयांच्या धोरणात यासाठी २४ तास दिलेले असतात. ते उलटले तर उलटले असेच अहवालात जाऊ द्या.

त्रुटी असलेली फाइल आणि ती त्रुटी पकडून केलेली सुधारणा, दोन्ही टीमला दाखवता येतात. शंभर टक्के फाइली निर्दोष असलेला अहवाल पाहून उलट जास्त खोदकाम होते.

त्यासाठी निम्मे ऑडिट वॉर्डातच, रुग्ण खाटेवर असताना करा. तेव्हा सापडलेली चूक त्या रुग्णासाठी दुरुस्त करता येते, एमआरडीत (जुन्या फाइलींच्या रेकॉर्ड विभागात) सापडलेली फक्त मोजता येते.

प्रश्न : माझ्या अहवालावर एक सर्जन म्हणाले, 'आता सिस्टर आम्हाला शिकवणार?' काय उत्तर द्यावे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : उत्तर देऊ नका, अहवालाची भाषा तपासा. 'अँटिबायोटिक देण्यात दिरंगाई' हे तुमचे मत झाले. 'अ‍ॅनेस्थेशिया रेकॉर्डप्रमाणे इंजेक्शन ९.४०, ओटी नोटप्रमाणे इन्सिजन ९.३५' ही नोंद आहे, तिच्याशी वाद घालता येत नाही. प्रतिबंधक अँटिबायोटिक छेद देण्याआधीच्या ६० मिनिटांत (व्हॅन्कोमायसिन असेल तर १२० मिनिटांत) जायला हवे, हा निकष रुग्णालयाच्या ऑडिट समितीने आधी मंजूर केलेला असावा. निकषात न बसणारी फाइल वेगळी काढणे इथपर्यंत परिचारिकेचे काम. उपचार योग्य होता की नाही, हे त्याच विषयाच्या डॉक्टरांनी समितीत ठरवायचे. संमतिपत्राबाबत मात्र गप्प बसू नका. दाखल होताना घेतलेली सर्वसाधारण सही शस्त्रक्रियेला चालत नाही, आणि तपासणीसाठी दिलेल्या संमतीवर शस्त्रक्रिया करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले आहे.

प्रश्न : पडण्याच्या घटना आणि बेडसोअर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) यांचा दर आमच्याकडे प्रत्येक जण वेगळा काढतो. – क्वालिटी नर्स, पुणे

उत्तर : भागाकार चुकत नाही, खालचा आकडा चुकतो. पडण्याचा दर डिस्चार्जवर नव्हे, रुग्ण-दिवसांवर काढायचा. रोज मध्यरात्रीच्या सेन्ससची (दाखल रुग्णांच्या मोजणीची) महिनाभराची बेरीज म्हणजे रुग्ण-दिवस. १,६४० रुग्ण-दिवसांत २ जण पडले तर २ भागिले १,६४० गुणिले १,०००, म्हणजे १.२२. कॅथेटरच्या संसर्गाला खाली कॅथेटर-दिवस (रुग्णांना कॅथेटर असलेल्या दिवसांची बेरीज) : ४८० दिवसांत ३ संसर्ग, दर ६.२५. बेडसोअरमध्ये घोळ वेगळाच. रुग्ण बाहेरून जखम घेऊन येतो, दाखल होताना पाठ उलटवून कुणी पाहत नाही, तिसऱ्या दिवशी जखम 'सापडते' आणि रुग्णालयाच्या खात्यावर चढते. पहिल्याच पाळीत जागा, सेंटिमीटरमध्ये आकार आणि ग्रेड लिहायला लावा.

एक इशारा : नोंदवलेल्या चुकांचा आकडा अचानक शून्य झाला, तर आनंद मानू नका. बहुधा नोंदवणाऱ्याला कुणीतरी झापलेले असते.

प्रश्न : उपजिल्हा रुग्णालयात लेबर रूमचे पार्टोग्राफ (प्रसूतीच्या प्रगतीचे आलेख) तपासते. सगळे भरलेले असतात, पण विश्वास बसत नाही. – स्टाफ नर्स, सातारा जिल्हा

उत्तर : संशय रास्त आहे. प्रसूतीनंतर भरलेला पार्टोग्राफ फार देखणा असतो : अलर्ट लाइनला (प्रसूती मंदावल्याचा इशारा देणाऱ्या छापील रेघेला) चिकटून सरळ चढणारी रेघ, बाळाचे ठोके १४०, १४२, १४०. खऱ्या कळांचा आलेख इतका आज्ञाधारक नसतो. नोट्समध्ये ऑक्सिटोसिन (कळा वाढवणारे औषध) सुरू केल्याची वेळ आहे आणि आलेखात त्याचा रकाना कोरा, हा हमखास पुरावा. ठोके, कळा आणि नाडी दर अर्ध्या तासाला, बीपी आणि आतली तपासणी दर ४ तासांनी, या हिशेबाने ठिपके मोजा. आलेख गर्भाशयाचे तोंड ४ सेंटिमीटर उघडल्यापासून सुरू होतो. ९ सेंटिमीटरवर आलेल्या बाईची प्रसूती तोंडावर आलेली असते, म्हणून तिचा कोरा पार्टोग्राफ ही चूक धरू नका. तशी धरलीत तर पुढच्या वेळी तोही भरलेला मिळेल. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा नवा लेबर केअर गाइड वापरात असेल, तर सुरुवात ५ सेंटिमीटरला आणि अलर्ट लाइन नाहीच. कोणता फॉर्म आहे ते आधी पाहा.

प्रश्न : मी परिचारिका नाही. आईची पूर्ण फाइल रुग्णालयाकडे मागता येते का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : येते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे द्यायची असतात, आणि ती उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षे जपायची असतात. अर्जात नुसते 'फाइल' लिहू नका, नाहीतर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातात पडेल. डॉक्टर नोट्स, नर्सिंग नोट्स, ड्रग चार्ट, टीपीआर चार्ट, संमतिपत्रे अशी नावे घालून मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.