नेमबिंदू पिवळ्यावर येताच बाण सुटतो : सांगलीच्या एका आईच्या पत्राला उत्तर

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. सातवीत असताना त्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही, असे वर्गशिक्षकांनी सांगितल्यामुळे आम्ही त्याला धनुर्विद्येच्या वर्गाला घातले. दीड वर्षापासून तो रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) धनुष्य चालवतो. पावसाळ्यात मैदान बंद असल्याने सराव हॉलमध्ये १८ मीटरवर होतो. सरावात त्याला ६०० पैकी ५२० च्या आसपास गुण मिळतात, पण नुकत्याच झालेल्या इनडोअर स्पर्धेत ते ४७० वर आले. हल्ली नेमबिंदू लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या भागावर पोहोचला की त्याच्या हातून बाण लगेच सुटतो आणि त्यावर तो रडवेला होतो. या खेळाने एकाग्रता खरोखर वाढते का? पुढच्या वर्षी दहावी आहे, तर खेळ थांबवावा का? आणि यात भवितव्य असेल, तर प्रशिक्षकांच्या सूचनेप्रमाणे महागडे कंपाउंड (टोकांना चाके असलेले) धनुष्य घ्यावे का? – एक पालक, सांगली

सस्नेह नमस्कार.

आपण तीन प्रश्न विचारले आहेत, पण त्यांचे मूळ आपण ओघात लिहून गेलेल्या एका वाक्यात आहे, असे मला वाटते. नेमबिंदू पिवळ्यावर येताच बाण सुटतो, हे ते वाक्य. म्हणून मी आधी त्याबद्दल सविस्तर लिहितो आणि दहावीकडे व धनुष्याच्या खरेदीकडे नंतर वळतो.

प्रथम त्या स्पर्धेचा गुणतक्ता मिळवून शांतपणे पाहावा. ६० बाणांत ५० गुण कमी झाले, याचे दोन अगदी वेगळे अर्थ निघू शकतात. प्रत्येक बाण थोडाथोडा घसरला असेल, तर सरासरी घट बाणामागे एका गुणाहूनही कमी आहे, आणि नव्या हॉलमध्ये, अनोळखी मुलांच्या रांगेत उभ्या राहिलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ती मुळीच चिंतेची नाही. पण लक्ष्य एकाखाली एक तीन लहान वर्तुळांचे असेल, तर त्यावर फक्त दहापासून सहापर्यंतची वलये असतात आणि त्यांच्या बाहेर गेलेल्या बाणाला शून्य मिळते. अशा लक्ष्यावर सहा बाण बाहेर गेले, तरी एवढे गुण सहज जातात. उरलेले ५४ बाण नेहमीसारखेच असतील, तर मुलाचे कौशल्य जागेवर आहे आणि मोजक्या बाणांच्या वेळी काहीतरी वेगळे घडते आहे, असा निष्कर्ष निघतो. सरावातील ५२० ही पूर्ण ६० बाणांची, सलग मांडलेली बेरीज आहे की चांगल्या दिवसाची आठवण आहे, हेही एकदा तपासून घ्यावे, कारण घरात बहुधा चांगला दिवसच लक्षात राहतो.

आपण वर्णन केलेल्या अडचणीला धनुर्धरांमध्ये ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात. ही अडचण नवशिक्यांना येते तशी अनुभवी खेळाडूंनाही येते. नेम साधणे आणि बाण सोडणे या दोन क्रिया स्वतंत्र असायला हव्यात, पण वारंवार गुणांकडे पाहून सराव केल्यावर त्या एकमेकींना चिकटतात. पिवळा रंग दिसला की बोटे आपोआप उघडतात, आणि मन ‘थांब’ म्हणेपर्यंत बाण गेलेला असतो. काही मुलांच्या बाबतीत याच्या उलट घडते, म्हणजे नेमबिंदू पिवळ्याच्या खालीच अडकतो आणि कितीही प्रयत्न केला तरी वर जात नाही. दोन्ही प्रकारांत ‘लक्ष दे’ असे सांगण्याचा उपयोग होत नाही, उलट त्रास वाढतो, कारण मुलाचे लक्ष पिवळ्यावर आधीच नको तितके खिळलेले असते.

मानसिक कारण गृहीत धरण्याआधी शारीरिक कारण तपासावे, असा माझा आग्रह आहे. धनुष्याचे वजन, म्हणजे ते पूर्ण ओढण्यास लागणारी ताकद, मुलाच्या खांद्यांना झेपते का? त्याला बाण न सोडता, पूर्ण ओढलेल्या स्थितीत, हनुवटीखाली हात स्थिर ठेवून दहा-बारा सेकंद थांबता येते का? त्याआधीच हात थरथरू लागत असेल, तर बाण लवकर सुटणे हा शरीराने स्वतःच्या बचावासाठी काढलेला मार्ग आहे आणि त्यावर ध्यानाचा उपाय निरुपयोगी आहे. स्पर्धेत लवकर उतरता यावे म्हणून वजन घाईने वाढवलेली मुले पुष्कळ दिसतात. वाढत्या वयातील खांद्याच्या दृष्टीनेही ती घाई वाईट आहे. वजन जास्त निघाल्यास काही महिन्यांसाठी हलके ‘लिंब’ (धनुष्याचे वरचे व खालचे वाकणारे भाग) लावून घ्यावेत आणि त्यात कमीपणा मानू नये.

दुसरी चौकशी क्लिकरची. रिकर्व्ह धनुष्यावर बसवलेली ती छोटी पट्टी बाण पुरेसा मागे आला की ‘टक’ असा आवाज करते, आणि त्या आवाजानंतरच बोटे सैल करायची असतात. बाण सोडण्याचा निर्णय डोळ्यांकडून काढून कानांकडे देणे, हाच तिचा उपयोग आहे. आपला मुलगा क्लिकर वापरत नसेल, तर तो आता वापरावा का, हे प्रशिक्षकांना विचारावे. वापरत असूनही आवाजाआधी बाण सुटत असेल, तर दुरुस्ती नेमकी तिथून सुरू करावी लागेल.

ही दुरुस्ती गुणांपासून दूर राहूनच होते. काही आठवडे त्याच्या समोरून लक्ष्याचा कागद पूर्णपणे काढून टाकावा आणि प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली तीन ते पाच मीटरवरून कोऱ्या बट्ट्यावर (ज्यावर लक्ष्याचा कागद लावतात आणि बाण रुततात, त्या जाड ठोकळ्यावर) बाण मारू द्यावेत. नेमच नसल्यामुळे पाठीचे स्नायू ताणणे, हाताची जागा, क्लिकरचा आवाज आणि बाण गेल्यानंतर क्षणभर तसेच उभे राहणे एवढ्याच गोष्टींकडे लक्ष देता येते. त्यानंतर १८ मीटरवर मोठा कागद, मग मधला, आणि शेवटी ४० सेंटिमीटरचा, असा प्रवास करावा. याच्या जोडीला रोज काही वेळा धनुष्य ओढून, नेम पिवळ्यावर स्थिर ठेवून, बाण न सोडताच ते हळूहळू उतरवण्याचा सराव हवा. (प्रत्यंचा ओढून बाणाशिवाय कधीही सोडू नये. त्यात धनुष्य तुटू शकते आणि इजाही होऊ शकते. उतरवायचे ते हातानेच, सावकाश.) पिवळे दिसले तरी बाण सुटलाच पाहिजे असे नाही, हे त्याच्या हातांना या सरावातून शिकवायचे आहे. नेम बिघडल्यावर धनुष्य उतरवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणारा मुलगा स्पर्धेत मला आशादायक वाटतो, मग त्या दिवशी त्याला गुण कितीही मिळोत.

या काळात त्याने वहीत गुण लिहू नयेत. प्रत्येक तीन बाणांनंतर ‘आवाजानंतर सोडले’ असे किती, एवढेच लिहावे. घरीही ‘आज किती झाले?’ हा प्रश्न विचारू नये, अशी माझी विनंती आहे. आपण तो प्रेमाने विचारत असाल, परंतु मुलाला त्या एका प्रश्नातून घरात गुणच मोजले जातात, हे कळते.

आता एकाग्रतेबद्दल. आपल्या वर्गशिक्षकांचा हेतू चांगला होता, पण एका खेळात कमावलेली एकाग्रता जशीच्या तशी बीजगणिताच्या वहीत उतरते, असे मी आपल्याला सांगू शकत नाही. कौशल्ये ज्या कामातून शिकली जातात त्या कामाला घट्ट बांधलेली राहतात, हाच शिक्षणक्षेत्राचा सर्वसाधारण अनुभव आहे. धनुर्धराची एकाग्रता म्हणजे ठरावीक क्रमाने केलेल्या कृतींची साखळी असते : पाय रोवणे, बाण लावणे, बोटांची पकड, श्वास, धनुष्य उचलणे, ओढणे, हनुवटीशी स्थिरावणे, नेम, आवाज, सोडणे. एका कृतीवरून लक्ष पुढच्या कृतीवर नेता येणे ही त्यातली कसोटी आहे, आणि मधेच मन भरकटले तर ते ओळखून थांबता येणे ही त्याहून मोठी. भीती नाहीशी व्हावी लागते, असेही नाही. टोकियो ऑलिंपिकच्या प्रक्षेपणात धनुर्धरांच्या हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवले गेले, तेव्हा जगातील उत्तम खेळाडूंपैकी अनेकांचे ठोके शंभराच्या बरेच वर गेलेले सर्वांनी पाहिले. धडधडत्या छातीनेही त्यांनी आपला क्रम मोडला नाही. दक्षिण कोरियाचा संघ तर मुद्दाम बेसबॉलच्या गजबजलेल्या मैदानावर सराव करत आला आहे. आपल्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा इतर मुलांना मागे बसवून, घड्याळ लावून, मोठ्याने गुण पुकारत खोटी स्पर्धा घेता येईल, पण ती टार्गेट पॅनिक आटोक्यात आल्यानंतरच.

अभ्यासासाठी यातून एक गोष्ट नक्की घेता येईल. तो बाणाआधी जशी ठरावीक सुरुवात करतो, तशीच ठरावीक सुरुवात अभ्यासालाही द्यावी, आणि लक्ष उडाल्यावर रेटून बसण्याऐवजी पुस्तक मिटून, उठून, पुन्हा पहिल्यापासून बसावे. मात्र हे त्याला वेगळे शिकवावे लागेल. ते आपोआप होणार नाही.

इनडोअर प्रकाराला आपण पावसाळ्यातील पर्याय समजत आहात, असे पत्रावरून वाटले. मला तो याहून मोलाचा वाटतो. हॉलमध्ये वारा नाही, ऊन नाही, पाऊस नाही, त्यामुळे चुकलेल्या बाणाचे कारण धनुर्धरात किंवा त्याच्या साहित्यातच शोधावे लागते. अंतर कमी म्हणून तो सोपा, असेही नाही. १८ मीटरवर रिकर्व्हसाठी दहाचे वर्तुळ ४ सेंटिमीटर व्यासाचे असते. १८ वर्षांखालील मुले मैदानात ६० मीटरवरून खेळतात, तिथे ते १२.२ सेंटिमीटरचे असते. हिशेब केला, तर डोळ्याला दोन्ही जवळजवळ सारख्याच आकाराची दिसतात. फरक आहे तो धनुष्याच्या ताकदीचा आणि वाऱ्याच्या अंदाजाचा. पण पुढची निवड प्रामुख्याने मैदानी स्पर्धांतून होते आणि इनडोअर प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही, म्हणून पावसाळा संपताच त्याने बाहेर जायलाच हवे.

भवितव्याचे म्हणाल, तर आपण अगदी योग्य भागात राहता. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकाराची दोन्ही वैयक्तिक सुवर्णपदके जिंकणारे आदिती स्वामी आणि ओजस देवतळे साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे शिकले. आदिती तेव्हा १७ वर्षांची होती, आणि मूळच्या नागपूरच्या ओजसने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवले. रिकर्व्हमध्ये फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला, सैन्यात दाखल झाला आणि टोकियो व पॅरिस अशा दोन ऑलिंपिकमध्ये खेळला. ही नावे मी मुलावर अपेक्षा लादण्यासाठी सांगत नाही. जवळच चांगले प्रशिक्षण आहे आणि तिथे एकदा मुलाला घेऊन जाऊन सराव पाहता येईल, म्हणून सांगतो.

पदकापर्यंत न पोहोचणाऱ्यांची संख्या अर्थातच मोठी असते, आणि करिअरचा विचार त्यांच्यासाठीच करायचा असतो. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि सैन्य, रेल्वे व पोलीस दलांतही खेळाडूंची भरती होते, पण त्यासाठी विहित स्तरावरील कामगिरी आणि तिची प्रमाणपत्रे लागतात, म्हणून आतापासून प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवावे आणि स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची आहे ना, हे आधी विचारावे. प्रशिक्षक व्हायचे असल्यास पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका हा प्रतिष्ठित मार्ग आहे. क्रीडा मानसशास्त्राकडे जायचे असल्यास मानसशास्त्रातील पदवी व पदव्युत्तर शिक्षण अपरिहार्य आहे. ज्या मुलाने टार्गेट पॅनिक स्वतः अनुभवले आणि त्यातून वाट काढली, त्याला त्या विषयात खरी गोडी लागू शकते, पण हा निर्णय बारावीनंतरचा आहे.

दहावीसाठी खेळ पूर्ण बंद करू नये. वर्षभर थांबलेल्या मुलाचे खांदे आणि लय दोन्ही जातात, आणि परत आल्यावर तो आपल्या जुन्या गुणांशी तुलना करून निराश होतो. आठवड्यातून तीन दिवस, एक तास, मोजके बाण आणि घरी रबरी पट्ट्याने ओढण्याचा व्यायाम एवढे पुरेल. पूर्वपरीक्षेपासून लेखी परीक्षा संपेपर्यंत स्पर्धा नकोत. खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण अटींना बांधलेले असतात, म्हणून ते हिशेबात धरून अभ्यास कमी करू नये.

राहिला खरेदीचा प्रश्न. कंपाउंड प्रकाराला निश्चितच बरे दिवस आले आहेत, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्याच्या मिश्र सांघिक स्पर्धेचा समावेश झाला आहे. तरीही आत्ता घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्पर्धेच्या दर्जाचा पूर्ण संच लाखाच्या पलीकडे जातो, वाढत्या मुलाच्या हाताची लांबी बदलत राहते, आणि लवकर बाण सोडण्याची सवय धनुष्य बदलल्याने जात नाही. कंपाउंडमध्ये ती रिलीजच्या, म्हणजे प्रत्यंचा सोडण्यासाठी हातात धरायच्या उपकरणाच्या, बटणावर बोट मारण्याच्या रूपात परत येते. प्रशिक्षकांच्या सूचनेमागे काही विचार असेलच, तर तो त्यांच्याकडून नीट समजून घ्यावा आणि क्लबचे धनुष्य दोन महिने वापरून पाहण्याची परवानगी मागावी. तोपर्यंत खर्च करायचाच असेल, तर त्याच्या मापाचा फिंगर टॅब (प्रत्यंचा ओढणाऱ्या बोटांचे संरक्षण), आर्म गार्ड (धनुष्य धरलेल्या हाताचे संरक्षण) आणि त्याच्या धनुष्याला जुळणारे एकसारखे बाण यांवर करावा.

या साऱ्या पत्रात मुलाला स्वतःला काय हवे आहे, याचा उल्लेख मला आढळला नाही. कोऱ्या बट्ट्यावरचा सराव कंटाळवाणा असतो. तो सहा आठवडे केल्यानंतरही त्याला हॉलमध्ये जावेसे वाटते का, हे त्यालाच विचारावे, आणि उत्तर नाही असे आले, तरी ते मान्य करावे. होय असेल, तर त्याची वही घेऊन दिवाळीच्या सुट्टीत प्रशिक्षकांसोबत बसून पुढच्या वर्षाचे वेळापत्रक ठरवावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक